स्लॅबखालचा संसार

गृहकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला लोक उगीचच सुखी समजतात. मिठाईच्या दुकानातल्या पोऱ्यालाही तसेच समजतात. दिवसभर समोर पेढे असतात खरे, पण ते खायचे नसतात, नुसते तोलायचे असतात. मी गेली बावीस वर्षे बँकेत आहे आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे दुसऱ्यांची घरे तोलतो आहे.

माझ्यासमोर जोडपी येतात. नवरा प्लॅन उलगडतो आणि तो उलटा धरला आहे हे बायको त्याला सांगते. मग दोघे मिळून घराचे गुण गातात. दार पूर्वेला आहे. ओटा आग्नेयेला आहे. पार्किंग झाकलेले आहे. खाली व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे आणि तलावात पाणी आहे असे बिल्डरचे म्हणणे आहे. पूर्वी लोक बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांत गोते खात असत. जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खोली आपल्याच दिवाणखान्यात मोजलेली असायची. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर हिशेब चटई क्षेत्रावर आला आणि माणसाला आपण विकत घेतलेल्या जागेत निदान सतरंजी तरी अंथरता येऊ लागली. हे सगळे लोक विचारतात. पण नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने, ‘साहेब, हे घर मे महिन्यात दुपारी तीन वाजता कसं असतं?’ असे विचारलेले नाही. विचारले असते तरी मला सांगता आले नसते. आमच्या फॉर्मात तसा कॉलम नाही.

आणि मी स्वतः घर घेतले तेव्हा मीही ते विचारले नाही. बी. कॉम. झालेला माणूस किमतीचा विचार करतो, उन्हाचा नाही.

आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात तीन खोल्यांत राहत होतो. वाडा पडायला आला होता आणि मालकाला तो पाडायचाच होता, त्यामुळे दोघांचे एकमत झाले. २०२० साली सरकारने ३१ डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली. सूट म्हटली की मी हलतो. एकावर एक मोफत म्हणून मी उजव्या पायाचे दोन बूट घेऊन आलेला माणूस आहे. तोंडाला मास्क लावून, रांगेत उभे राहून, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी धायरीतल्या एका होऊ घातलेल्या इमारतीतल्या सातव्या आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा करार नोंदवला.

कर्जाची कथा थोडक्यात सांगतो. बँकेतल्या माणसाला स्वस्त दराने स्टाफ लोन मिळते ही अफवा खरी आहे. पण त्या लोनची मर्यादा स्वयंपाकघरापाशीच संपली. उरलेल्या दोन खोल्यांसाठी मला माझ्याच टेबलापुढे गिऱ्हाईक म्हणून बसावे लागले. मीच माझा फॉर्म तपासला, मीच माझ्या पगाराच्या दाखल्याकडे संशयाने पाहिले. तेव्हा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढू लागला आणि नऊ महिन्यांत साडेसहावर जाऊन बसला. ‘आमचा हप्ता वाढला कसा?’ म्हणून लोक माझ्यावर ओरडत आणि मी संध्याकाळी घरी जाऊन आरशावर ओरडत असे. पुढे २०२५ मध्ये तो चार वेळा उतरला, पण एकूण सव्वाच टक्का. म्हणजे अडीच मजले जिना चढून गेलो आणि उतरताना लिफ्ट बरोबर निम्म्यावर बंद पडली.

फ्लॅट दाखवणारा एजंट मोठा कवी माणूस होता. ‘साहेब, टॉप फ्लोअर! डोक्यावर कोणाची धपधप नाही. वेस्ट ओपन! रोज संध्याकाळी सनसेट बघत चहा घ्या.’ पूर्वी चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत वरचा मजला स्वस्त असे. लिफ्ट आली आणि हिशेब फिरला. आता जितके वर जाल तितका चौरस फुटाला दर जास्त. सूर्याच्या जवळ जाण्याचे वेगळे पैसे पडतात हे मला तेव्हा जाणवले नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घर दाखवायला नेले तेव्हा त्यांनी खिडकी पाहिली नाही, ओटा पाहिला नाही. छताकडे बघत विचारले,

‘वर कोण राहतं?’

‘कोणी नाही अण्णा. गच्ची आहे.’

‘म्हणजे सूर्य राहतो,’ अण्णा म्हणाले आणि सौ.ने पुढे केलेला पेढा तोंडात टाकला. मी ते जुन्या माणसाचे बोलणे म्हणून सोडून दिले.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही राहायला गेलो. थंडीत घर झकास होते. सनसेटही वेळेवर होत असे. मग मार्च आला.

स्लॅब कसा तापतो हे वाणिज्य शाखेच्या माणसाला समजावे म्हणून सांगतो. काँक्रीटचा स्लॅब ही एक मुदत ठेव आहे. सकाळी नऊपासून सूर्य त्यात उष्णता भरत असतो. दिवसभर ठेव वाढत जाते. संध्याकाळी सूर्य काउंटर बंद करून निघून जातो आणि रात्री दहाला, आपण अंथरुणावर पडलो की, ठेवीची मुदत भरते. मग ती मुद्दल आणि व्याज आपल्या अंगावर परत येते. पंखा लावावा तर तो छताखालची गरम हवा ओढून इमानेइतबारे खाली ढकलतो. त्यात आमची पश्चिमेची भिंत जेमतेम सहा इंची. तीन ते सहा ती भाकरीच्या तव्यासारखी तापते. खिडकी मोठी आहे, पण सरकती. एक काच दुसरीमागे जाते, म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्ध्या खिडकीचा. वर छज्जा नाही. छज्ज्याने इमारतीचे दर्शनी सौंदर्य बिघडते म्हणे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली नव्या घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तीत भिंती-खिडक्यांतून चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता घरात येऊ नये असे सांगितले आहे. आमच्या भिंतीने ती संहिता वाचलेली नव्हती. खरे तर मीही घर घेतल्यानंतर वाचली.

वाड्यातल्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड होत्या. दुपारी माजघरात पडले की पाठीला गार लागायचे. आम्ही त्या वाड्याला काय काय नावे ठेवली होती!

शेवटी एसी आणला. एक टनाचा, पाच तारे असलेला. तारे मोजून घेतलेली ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वस्तू. तो आतल्या खोलीत लावला. रात्री आम्ही आणि चिरंजीव तिथे झोपायचे, दुपारी अण्णांनी तिथे पडायचे असे ठरले. कंपनीने तो २४ अंशांवर लावून दिला होता. १ जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. पण पैसे भरले आहेत तर पुरती थंडी घ्यावी म्हणून आम्ही तो १८ वर आणला आणि वरून रजया घेतल्या. एक अंश खाली आणला की वीज सुमारे सहा टक्के जास्त जाते हे मला माहीत नव्हते. ते बिलाने सांगितले.

मार्चचे बिल ३४० युनिटचे आले.

आता महावितरणचाही एक स्लॅब असतो. माझ्या आयुष्यात एकूण तीन स्लॅब आहेत: एक डोक्यावर, एक विजेच्या बिलात आणि एक प्राप्तिकरात. तिन्ही तापदायक. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पुढे चौथा. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्यांना समोर बसवले आणि अर्धा तास भाषण केले. ‘तीनशेची लक्ष्मणरेषा ओलांडायची नाही! तीनशे एक झालं की दर बदलला!’ चिरंजीव झोपले. सौ.ने बडीशेप निवडली. अण्णांनी मात्र सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि दोनदा मान हलवली. आपल्या भाषणाला एक तरी जाणकार श्रोता मिळाला याचे मला समाधान वाटले.

आणि चमत्कार झाला! एप्रिलचे बिल २८७ युनिटांचे आले. ऊन वाढले आणि बिल उतरले! मी ते बिल ऑफिसात नेले. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना नियोजन म्हणजे काय, कुटुंबप्रमुखाची शिस्त म्हणजे काय, यावर चार शब्द सांगितले. एकाने तर झेरॉक्स मागितली.

मे महिन्यात एक दिवस बँकेत संगणक बंद पडला म्हणून मी अडीच वाजताच घरी आलो. स्कूटर लावायला पार्किंगमध्ये शिरलो तर तिथे दोन गाड्यांच्या मधल्या जागेत घडीची खुर्ची टाकून अण्णा बसलेले. मांडीवर पेपर, पायाशी पाण्याची बाटली. शेजारी वॉचमन स्टुलावर डुलक्या घेत होता.

‘अण्णा! तुम्ही इथे?’

‘अरे, जरा गप्पा मारायला आलो होतो.’

वॉचमन झोपेतून दचकून उठला आणि सरळपणाने म्हणाला, ‘रोजच असतात साहेब. महिना झाला. एक वाजता येतात, तीन-साडेतीनला जातात. वर फार तापतं ना.’

मी म्हटले, ‘पण एसी आहे की!’

अण्णा पेपरची घडी घालत म्हणाले, ‘तीनशेच्या आत बसलं पाहिजे ना रे?’

मी बी. कॉम. आहे. हिशेब मला लगेच जमतो. एक टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो. दुपारचे दोन तास, महिन्याचे तीस दिवस. ३४० वजा २८७. ज्या ५३ युनिटांचे मी ऑफिसात व्याख्यान दिले होते ती माझी शिस्त नव्हती. ती ५३ युनिटे म्हणजे पार्किंगमध्ये पेट्रोलच्या वासात खुर्ची टाकून बसलेले अण्णा होते.

वर येताना लिफ्टमध्ये मी त्यांना नीट समजावले, की अण्णा, तीनशे एकावं युनिट महाग असतं. आधीची तीनशे जुन्याच दराने राहतात. एक युनिट जास्त झालं म्हणून सगळं बिल चढत नाही. अण्णा म्हणाले, ‘हे त्या दिवशी सांगितलं नाहीस.’ ते खरे होते. भाषणात जोर यावा म्हणून मी तेवढा भाग गाळला होता. आम्ही बँकवालेही बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचत नाही.

त्या रात्री मी पुन्हा कॅल्क्युलेटर घेतला, पण या वेळी एकट्याने. आमचे पंखे वाड्यातून आणलेले, एकेक ७५ वॅटचा. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला एका पंख्याची २७ युनिटे. नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. त्यांची होतात अकरा. म्हणजे पंख्यामागे सोळा युनिटे वाचली. तीन पंखे बदलले की अठ्ठेचाळीस. अण्णांची दुपार जवळजवळ तिथेच वसूल होत होती! उरलेली चार-पाच युनिटे एसी २६ वर ठेवून, सोबत पंखा लावून सुटली. इतका साधा हिशेब करायला मला महिना लागला, कारण मी ‘कोणी काय बंद करावं’ याची यादी करत होतो.

अण्णांनीही आपले ज्ञान बाहेर काढले. ते म्हणाले, ‘पडदा आतून लावून काय उपयोग? ऊन काचेतून आत येऊन बसलं की मग तू त्याला पडद्यानं झाकतोस. पाहुण्याला दारातच थांबवावं.’ रविवारी आम्ही बांबूचे पडदे आणून पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून टांगले. जाड विणीचे, दोरीने वर गुंडाळायचे. काचेला हात लावला तर फरक कळत होता. सनसेट दिसेनासा झाला. एजंटने त्याचे वेगळे पैसे लावले होते, पण जाऊ दे.

मग राहिला स्लॅब. ‘गच्ची पांढरी कर,’ अण्णा म्हणाले. काळपट सिमेंट ऊन पिते आणि पांढरा रंग ते बरेचसे परत पाठवतो. जुन्या इमारतींच्या गच्चीवर कपबशांच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामागचे शास्त्र हेच. आम्ही चुना भिजवला, त्यात पांढरे सिमेंट आणि चिकटायला डिंक घातला. एका पहाटे मी आणि चिरंजीव केरसुण्या घेऊन वर गेलो आणि आमच्या घरावरच्या भागावर दोन हात दिले.

आठ वाजता सोसायटीभर बातमी पसरली की बँकवाल्याने गच्चीला चुना लावला. बँकेतल्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य कोणत्याही अर्थाने घेतात. त्यातून मी सोसायटीचा खजिनदार! दोघे तिघे तर आधी मेंटेनन्सच्या पावत्या पाहून आले.

पण त्या रात्री दहाला मुदत ठेव मोडली नाही. पंख्याचा वारा प्रथमच वाऱ्यासारखा लागला.

चुन्याला एकच शत्रू, पाऊस. दोन पावसाळ्यांत तो गटारातून मुठेला मिळाला असता. तेव्हा २०२४ च्या वार्षिक सभेत मी विषय मांडला, की सोसायटीच्या खर्चाने गच्चीवर कायमचा पांढरा थर द्यावा. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर उठले. ‘गच्ची तापते ती तुमच्या डोक्यावर. आमच्या डोक्यावर तुम्ही आहात, आणि तुम्ही कितीही तापलात तरी आम्हाला त्रास नाही.’ टाळ्या पडल्या. ठराव पडला.

मग मी दुसरा कागद काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीत सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सौर पॅनेल बसवायला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिटे मिळतात आणि गच्चीतली शंभरेक चौरस फूट जागा लागते. दहा किलोवॅट बसवले की चाळीस युनिटे रोज, आणि तीही सामायिक मीटरवरची, म्हणजे पहिल्या मजल्याचाही वाटा त्यात आला. मेंटेनन्स कमी होणार म्हटल्यावर सभेत एकदम शांतता पसरली. मी नकाशा फिरवला. नकाशात पॅनेल कुठे बसणार ते पेन्सिलीने दाखवले होते. टाकीची सावली पडू नये म्हणून जागा काळजीपूर्वक निवडलेली होती. एवढेच सांगायचे राहिले होते, की पॅनेलची सावली ज्या स्लॅबवर पडणार तो स्लॅब आमचा होता.

इंजिनियरसाहेबांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. ‘खजिनदार, हे पॅनेल बरोब्बर तुमच्याच डोक्यावर कसे हो आले?’

माझ्या घशाला कोरड पडली. सभेत एक-दोघे हसले. मी पाण्याचा ग्लास शोधू लागलो. तेवढ्यात इंजिनियरसाहेबच नकाशा खाली ठेवत म्हणाले, ‘असू दे. अण्णांच्या डोक्यावर सावली येणार असेल तर येऊ दे. माझी हरकत नाही.’

आणि हात वर झाले. सगळे.

मला नंतर कळले. पार्किंगमधल्या त्या महिनाभरात अण्णांची सगळ्या इमारतीशी ओळख झाली होती. इंजिनियरसाहेबांच्या नातवाला त्यांनी पाढे शिकवले होते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची कुरिअरची पाकिटे घेऊन ठेवली होती. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला खरे सांगितले होते: ‘वर तापतं म्हणून येतो. मुलाला म्हणू नका, त्याला वाईट वाटेल.’ सात मजल्यांत हे ज्याला माहीत नव्हते असा माणूस एकच होता, आणि तो विजेच्या बिलाची झेरॉक्स वाटत होता.

आता पॅनेल बसले आहेत. अण्णा दुपारी आतल्या खोलीत झोपतात. मात्र चार वाजले की खुर्ची काखोटीला मारून खाली जातातच. वॉचमन वाट बघत असतो. मध्ये एजंटचा फोन आला होता, ‘सर, तुमच्या एरियात रेट वाढलाय, टॉप फ्लोअरला मागणी आहे, काढताय का?’ मी अण्णांना विचारले. ते म्हणाले, ‘तिथला वॉचमन कसा असेल कोण जाणे.’ विषय तिथेच संपला.

परवा माझ्या टेबलापुढे एक जोडपे आले. वेस्ट ओपन, टॉप फ्लोअर. नवऱ्याने प्लॅन उलटा उलगडला. मी फॉर्म बाजूला ठेवून विचारले, ‘तुमच्या घरी दुपारी कोण असतं?’

‘दुपारी? आई असते,’ तो म्हणाला. ‘का हो? को-ॲप्लिकंट लागेल का?’

मी म्हटले, ‘नाही. त्यांना एकदा दुपारी तीन वाजता फ्लॅटवर नेऊन आणा. मग या.’

पलीकडून आमचे मॅनेजर ओरडले, ‘अहो, तुम्ही कर्ज देताय की गिऱ्हाईक घालवताय?’ त्यांचेही बरोबर आहे. फॉर्मात तसा कॉलम नाही. मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो.